हार्डवेअर शिकायचे, पण कोणत्या कॉलेजात?

गेल्या पावसाळ्यात कळंब तालुक्यातील एका खेड्यातून आई, बाप आणि मुलगा असे तिघे माझ्या धाराशिवच्या कार्यालयात आले. बाप दरसाल उचल घेऊन ऊसतोडीला जाणारा, आई त्याच कोयत्याची जोडीदार. मुलगा बारावी सायन्स पास. मुलाच्या हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक होते. त्यावर मोठ्या अक्षरात ‘कॉम्प्युटर हार्डवेअर इंजिनिअरिंग’, खाली शंभर टक्के नोकरीची हमी आणि सगळ्यात खाली ‘एससी विद्यार्थ्यांना फी नाही’. तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात ‘करिअर मार्गदर्शन मेळावा’ भरला होता, तिथे हे कागद वाटले गेले. तिथेच टेबल टाकून बसलेल्या माणसाने मुलाची दहावी-बारावीची गुणपत्रके, टीसी, जातीचा दाखला अशी सगळी मूळ कागदपत्रे जमा करून घेतली. वर दहा हजार रुपये घेतले. पावती दिली नाही.

दोन महिन्यांनी कॉलेजने सांगितले की हा प्रवेश कॅप राऊंडमधून झालेला नाही, त्यामुळे शिष्यवृत्ती बसत नाही, पूर्ण फी भरा. भरायची नसेल तर प्रवेश रद्द करा, पण फी भरल्याशिवाय कागदपत्रे मिळणार नाहीत. मी नोटीस पाठवली, तक्रार केली. तीन आठवड्यांनी कागदपत्रे परत आली. पण तोवर सगळ्या प्रवेश फेऱ्या संपल्या होत्या. कागद परत मिळाले, वर्ष परत मिळाले नाही. जाताना त्या माऊलीने विचारले, “वकीलसाहेब, आमचं काय चुकलं?”

बंधूंनो, त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. तिचे काही चुकले नाही. चूक आपली आहे. जे शिकले, ज्यांना नोकऱ्या लागल्या, ज्यांना कायदा कळतो, त्या आपल्यासारख्यांची आहे. बारावीचा निकाल लागतो तेव्हा आपल्या वस्तीत एजंट पोहोचतो आणि आपण पोहोचत नाही.

नावाला भुलू नका

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडच्या प्रवेशप्रक्रियेत ‘कॉम्प्युटर हार्डवेअर इंजिनिअरिंग’ या नावाची पदवीची शाखा शोधायला गेलात तर ती सहसा सापडत नाही. ज्याला हार्डवेअर शिकायचे आहे त्याला ते दुसऱ्या नावांच्या शाखांतून शिकावे लागते. नेमके इथेच एजंटाचे फावते.

आपल्या पोरांच्या डोक्यात हार्डवेअर म्हणजे काय असते? कॉम्प्युटर खोलायचा, रॅम बदलायची, विंडोज टाकायचे, नेटवर्कची वायर ओढायची. हेही काम आहे, मानाचे काम आहे, आणि त्यासाठी आयटीआयमध्ये ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा ट्रेड आहे. ज्याला लवकर कमावते व्हायचे आहे त्याने तो जरूर करावा. पण हे दुरुस्तीचे काम आहे. इंजिनिअर वेगळा. प्रोसेसरच्या आतले सर्किट कसे असावे, मदरबोर्डवर कोणता भाग कुठे बसावा, चिप तयार झाल्यावर ती तपासायची कशी, हे जो ठरवतो तो हार्डवेअर इंजिनिअर. एका खासगी क्लासवाल्याने सहा महिन्यांच्या कोर्सला ‘हार्डवेअर इंजिनिअर’ हे नाव दिले म्हणून ते प्रमाणपत्र पदवी होत नाही. २००० नंतरच्या काळात अशा क्लासच्या पाट्या आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी लागल्या होत्या. आईबापांनी बकऱ्या विकून फी भरली आणि पोरे आज मोबाईलच्या दुकानात मजुरीवर आहेत.

मग इंजिनिअर व्हायचे तर शाखा कोणती? इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे ज्याला मुले ‘ईएनटीसी’ म्हणतात ती, किंवा इलेक्ट्रॉनिक्स, किंवा इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर. चिपची रचना शिकवणारा व्हीएलएसआयचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रमही एआयसीटीईने २०२३ मध्ये आणला आणि काही कॉलेजांनी तो सुरू केला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये डिजिटल सर्किट, मायक्रोप्रोसेसर, संगणकाची अंतर्गत रचना हे विषय असतात, पण बाकीचा बहुतेक भार सॉफ्टवेअरवर असतो. ज्याला यंत्र घडवायचे आहे त्याने कॉम्प्युटरला जागा मिळाली नाही म्हणून रडत ईएनटीसी घेऊ नये. त्याची खरी शाखा तीच आहे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ईएनटीसी करूनही पुष्कळ मुले शेवटी सॉफ्टवेअर कंपनीतच जातात. चिप आणि बोर्ड डिझाइनची कामे बंगळुरू, हैदराबाद, नोएडा, पुणे अशा मोजक्या शहरांत एकवटली आहेत आणि तिथे अनेकदा एम.टेक. झालेला माणूस मागतात. म्हणजे ही वाट चार वर्षांची नाही, सहा वर्षांची धरून चाला. ते आईबापांना आधीच सांगा.

वकिलीने भागणार नाही, असे एका बॅरिस्टरने सांगितले

मी वकील आहे आणि त्याचे मला दुःख नाही. पण आमच्या पिढीतली मुले कला शाखेला आणि पुढे कायद्याला का गेली? तिथे फी कमी होती, रात्री शिकून दिवसा काम करता येत होते आणि गणितात चांगले गुण असले तरी पुढची वाट दाखवणारे घरात कोणी नव्हते. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, ते महाग असल्यामुळे सरकारने त्याचा खर्च उचलला पाहिजे, अशी मांडणी त्यात आहे. लिहिणारा स्वतः बॅरिस्टर होता हे विसरू नका. त्यानंतर १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले महाडीबीटीवर जो अर्ज भरतात त्याची मुळे इथे आहेत. ती कोणाची मेहेरबानी नाही, मागून मिळवलेला हक्क आहे.

या देशात जातीने एक वाटणी केली. हाताने काम एकाने करायचे, त्या कामाचे ज्ञान दुसऱ्याने ठेवायचे. आज पुन्हा तेच होऊ घातले आहे. पेचकस आपल्या पोराच्या हातात आणि आराखडा दुसऱ्याच्या. ज्ञान ज्याच्याकडे नसते त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, हे देशांच्या बाबतीतही खरे आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला आडकाठी केली तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभे राहिले आणि १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० तयार केला. जे देशाला लागू तेच समाजाला लागू.

प्रवेश कॅपमधूनच

आता कायद्याचे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि शिक्षणसम्राटांचा जन्म झाला. या खासगी कॉलेजात आपला वाटा किती, यावर पुढे मोठी न्यायालयीन लढाई झाली. १२ ऑगस्ट २००५ रोजी पी. ए. इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितले की विनाअनुदानित कॉलेजांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणले. ते जानेवारी २००६ पासून लागू झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने खासगी व्यावसायिक कॉलेजांतील आरक्षणाचा कायदा केला आणि अनुसूचित जातींच्या १३ टक्के जागा तिथेही आल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कलम १५(५) वैध ठरवले. अल्पसंख्याक दर्जाची कॉलेजे मात्र यातून वगळलेली आहेत. पसंतीक्रम भरताना कॉलेजच्या नावापुढे तो दर्जा आहे का, हे पाहून घ्या.

हे सगळे हक्क ज्या दारातून मिळतात ते दार म्हणजे राज्य सीईटी कक्षाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजेच कॅप. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की शिष्यवृत्ती गेली. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलेले आहे. ‘आधी प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचे नंतर बघू’ असे जो म्हणतो तो तुमचा हितचिंतक नाही.

कागदपत्रांची तयारी निकालानंतर नव्हे, अकरावीतच सुरू करा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजमार्फत तेव्हाच करता येतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधायलाच कित्येकदा सहा महिने लागतात. ज्यांच्या घरात धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि आजोबांच्या निर्गम उताऱ्यावर महार अशी नोंद आहे त्यांनी घाबरू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झालेला आहे. पण दोन्ही पुरावे जवळ ठेवावेत. मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसू नये. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप. कॅपमधून आलेल्या शिष्यवृत्तीपात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. आणखी एक. नव्या पद्धतीत शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. तो पैसा आला की घरच्या अडचणीला लावण्याचा मोह होतो. तो पैसा कॉलेजच्या फीचा आहे. तो खर्च झाला तर पुढच्या सत्रात कॉलेज दारात उभे करील.

आणि मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही. यूजीसी आणि एआयसीटीई, दोघांचेही नियम तसे आहेत. पडताळणी झाली की कागद परत घ्या. डोनेशन मागितले तर ते १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्या आकड्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला तर पावती मागा. पावती म्हटले की निम्म्या मागण्या तिथेच विरतात.

कॉलेज पाहायला जा, पण इमारत पाहू नका

आपण मुलीला स्थळ पाहायला जातो तेव्हा रंग दिलेली भिंत पाहून होकार देत नाही. शेजारी विचारतो, पाहुण्यांत चौकशी करतो. कॉलेजच्या बाबतीत मात्र प्रवेशद्वार पाहून भुलतो. ऐन तासांच्या वेळी जा आणि प्रयोगशाळा दाखवा म्हणा. ऑसिलोस्कोप टेबलावर चालू आहे की कपाटात कुलपात? एका किटभोवती किती मुले उभी असतात? तीन-चार असतील तर शिकतील, बारा असतील तर दोघे प्रयोग करतात आणि दहा वही उतरवतात. ज्या चिपमधले सर्किट आपल्याला हवे तसे बदलून पाहता येते ते एफपीजीए बोर्ड आहेत का? मुले स्वतः सर्किट बोर्ड बनवतात का, सोल्डरिंग करतात का? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प स्वतः करतात की बाजारातून तयार विकत आणतात? हे प्राचार्यांना विचारू नका. कॅन्टीनमध्ये बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ते खरे सांगतात.

मास्तर कायम आहेत की घड्याळी तासिकेवर, त्यांना पगार वेळेवर होतो का, हेही विचारा. ज्याचा पगार सहा महिने थकला आहे तो काय शिकवणार? एनबीएचे मानांकन पूर्ण कॉलेजला नसते, शाखेला असते. जाहिरातीत ‘एनबीए मानांकित’ लिहिलेले असेल तर कोणत्या शाखेला आणि कोणत्या वर्षापर्यंत, ते पाहा. नोकऱ्यांचे आकडे सांगितले तर किती मुलांना सर्किट, बोर्ड, चिपच्या कामात घेतले तेवढेच विचारा. आणि मुलींच्या आईबापांनी, खरे तर सगळ्यांनीच, वसतिगृह पाहावे, तक्रार निवारण समितीचे सदस्य कोण आहेत ते विचारावे. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. दोघांनाही प्रवेश मिळाला होता. प्रवेश मिळवणे आणि तिथे माणूस म्हणून टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जवळचे की लांबचे?

आपल्या जिल्ह्याचे नाव २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आले. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपण. मागास म्हणायची लाज वाटली म्हणून आकांक्षित म्हटले. तरी आपल्याकडे काहीच नाही असे नाही. धाराशिवला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तेरणा ट्रस्टचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तुळजापूरला मंदिर संस्थानने उभारलेले तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेजारी सोलापूर, लातूर. त्यापलीकडे नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी, पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, लोणेरेला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ.

माझे मत असे. पसंतीक्रमात वरच्या जागा सरकारी आणि जुन्या, नावाजलेल्या संस्थांना द्या, कितीही लांब असोत. ‘आपल्याला थोडेच मिळणार’ म्हणून आपली मुले ती नावे भरतच नाहीत. यादीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. अनुसूचित जातीचा गेल्या वर्षीचा कटऑफ जाहीर असतो, तो पाहून वर थोडी मोठी, मध्ये जमणारी आणि शेवटी जवळची कॉलेजे लिहा. मात्र पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले की ती जागा आपोआप पक्की होते, म्हणून पहिला क्रमांक विचार करून लिहा. लांब गेल्यावर राहायचे कसे? समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर २०१६-१७ पासूनची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सुरुवातीपासून तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांत ५१ हजार आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार रुपये ठेवले गेले. हप्ते उशिरा येतात हे खरे, पण अर्जच केला नाही तर उशिरानेही येत नाहीत.

घरची ओढाताण फार असेल तर दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता आमच्या मुलांसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. मध्येच शिक्षण थांबले तरी हातात काहीतरी राहते. आणि पदवीनंतर थांबू नका. पुण्याच्या सी-डॅकमध्ये व्हीएलएसआय आणि एम्बेडेड सिस्टीमचे अभ्यासक्रम आहेत. छत्रपती संभाजीनगरला तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारातच नायलिट ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ मध्ये पोचिराम कांबळे यांनी प्राण दिले, ज्या नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत मराठवाडा लढला, त्याच्या आवारात चिप आणि सर्किट शिकवणारी संस्था आहे आणि आपल्या किती मुलांना तिचे नाव माहीत आहे? दर १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटपर्यंत जातो. गेटच्या आत काय शिकवतात, हेही एकदा पाहून यावे.

सतरा हजार पाचशे रुपये

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकल शाखा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये मुदतीत भरायचे होते. बापाने गावातून पैसे गोळा केले, पण वेळ निघून गेली आणि जागा गेली. शेवटी ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ खालचे आपले विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. न्याय झाला याचा आनंद आहे. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती बाप जाऊ शकतील? त्या गावात त्या दिवशी १७,५०० रुपये वेळेत उभे करणारी एखादी समिती असती तर न्यायालयाची पायरी चढावीच लागली नसती.

म्हणून माझी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा या आठही तालुक्यांत बारावीच्या निकालापासून प्रवेश संपेपर्यंत प्रत्येक विहारात रविवारी एक टेबल लागले पाहिजे. एक शिक्षक, एक वकील, एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि इंटरनेट असलेला एक लॅपटॉप. पसंतीक्रम तिथे भरायचा, कागद तिथे तपासायचे. जयंतीच्या वर्गणीतून दहा टक्के बाजूला काढून प्रवेशाच्या मुदतीसाठी उसनवारीचा निधी ठेवायचा. शिष्यवृत्ती आली की मुलाने तो परत करायचा. कळंबची जबाबदारी मी घेतो.

त्या ऊसतोड कामगाराचा मुलगा यंदा पुन्हा कॅपला बसतो आहे. कारखान्याचा हंगाम संपवून आईबाप परतले तेव्हा त्याने वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पसंतीक्रमाची यादी माझ्या टेबलावर आणून ठेवली. यादीत पहिले नाव त्याने स्वतः लिहिले होते. पहिल्यांदा कॉलेजने त्याला निवडले होते. या वेळी निवड त्याची आहे.

जयभीम!